माझ्या मापाची पँट

नवीन मशीन घरात आलं त्याला आता वर्ष होत आलं. तरी दुकानातला तो दिवस आठवला की मला एकटीलाच हसू येतं. कुणाला सांगायला गेले तर शब्द घशातच राहतात, म्हणून लिहून ठेवते.

आमचा हूटगळ्ळीच्या पलीकडे लाकडाचा डेपो आहे. जळाऊ लाकूड. आसपास सगळी नवी घरं झाली, तिथे लाकूड कोण घेतो? लग्नाचे आचारी नेतात, थोडी हॉटेलं नेतात. खरा धंदा पिरियापट्टणच्या तंबाखूवाल्यांचा. तिकडे शेताशेतात तंबाखू सुकवायच्या भट्ट्या असतात, उंच खोल्यांसारख्या. वर पानं लटकवतात आणि खालून दिवसरात्र जाळ चालू ठेवतात. ऐन पावसाळ्यात त्यांना लाकूड लागतं, आणि ते मापात कापलेलं लागतं, कारण भट्टीच्या तोंडात मावलं पाहिजे.

कापायचं काम आमचे हेच करायचे. नवं मशीन यायच्या दोन पावसाळे आधी जुनं चेनसॉ मशीन ओंडक्यावरून उसळलं आणि त्यांच्या मांडीत शिरलं. त्या दिवशी ते लुंगी दुमडून काम करत होते. रोज तसंच करायचे, इकडे सगळेच करतात. पाय वाचला, पण त्या पायावर भार देऊन फार वेळ उभं राहणं संपलं. मग आम्ही कापणारे भाड्याने बोलवू लागलो. सीझनमध्ये ते येतो म्हणतात आणि दुसरीकडे जातात. नंतरच्या सीझनला तंबाखूवाल्यांचं बरंच काम असं हातचं गेलं. अजून एकदा तसं झालं तर डेपो बंद करायचा आणि ह्यांनी कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर खुर्ची टाकून बसायचं, असं घरात बोलणं चालू होतं.

मी म्हटलं, मी कापते. एकदम म्हटलं नाही. मला बोलायला वेळ लागतो. बरेच दिवस मनात घोळवलं आणि एका दुपारी जेवताना ताटाकडे बघत म्हटलं. हे हसतील असं वाटलं होतं. त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायलं आणि म्हणाले, "उद्या उभं कसं राहायचं ते दाखवतो."

आधी मशीन बंद ठेवूनच शिकवलं. पाय कुठे, अंगठा कुठे, पात्याचं टोक कशालाही टेकू द्यायचं नाही. मग भाड्याचं मशीन आणून चालू करून दिलं. लाकूड मला नवं नव्हतं. लग्न झाल्यापासून ओंडके ढकलतेय, कुठला कसा लोळेल, कापताना चीर कुठे मिटून पातं धरून ठेवेल ते बघून कळतं. हात लवकर बसला. पण एका सकाळी वाकले तेव्हा खोचलेला पदर सुटला आणि फिरत्या चेनच्या अगदी जवळ गेला. हे ओरडले. मी मशीन बंद केलं. ते तिथेच ओंडक्यावर बसले, आणि बराच वेळ आपली मांडी चोळत राहिले.

"नवं मशीन घेऊ," मग म्हणाले. "हलकं, तुझ्या हाताला पेलेल असं. पण अंगावर नीट कपडे असल्याशिवाय तू त्याला हात लावायचा नाहीस. हे माझं सांगणं आहे."

मी मान हलवली. कपडे काय, घेऊ, असं वाटलं.

गावातल्या ज्या दुकानात गेलो तिथे फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पाइप असं सगळं मिळतं. गिऱ्हाईक बहुतेक कॉफीच्या इस्टेटीतलं, सगळे पुरुष. मालक वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेला. जे काय बोलायचं ते कन्नडमध्ये आणि ह्यांच्याशी. मी पंपांच्या बाजूला उभी.

"यजमान, हे मोठं घ्या. तुमच्या हाताला हे शोभतं."

"लहानच दाखवा," हे म्हणाले.

मशीन घेतलं. एक जादा चेन घेतली. दात घासायची गोल कानस घेतली, पात्यावर चढवायची खोळ घेतली, चेनला लागणारं तेल घेतलं. एक दुहेरी कॅन होता, एका बाजूला पेट्रोल आणि एका बाजूला तेल. त्याच्याकडे मी बघत होते, कारण आमच्याकडे पेट्रोल सरबताच्या जुन्या बाटलीत असायचं आणि मला त्याची कायम धास्ती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोही घ्या म्हणाले. इथवर माझं न बोलता निभावलं.

मग मालकांनी विचारलं, "आता कपडे. यजमानांची कंबर किती?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी सांगायचं होतं की कपडे माझ्यासाठी आहेत. शेजारी दोघंजण गमबूट घालून बघत होते, तेही वळून बघायला लागले. मी ह्यांच्या जवळ जाऊन मराठीत हळूच म्हटलं, "तुमच्याच मापाची घ्या. एक नंबर मोठी. मी साडीवरून घालीन."

"साडीवरून?"

"हं."

माझं म्हणणं मला तेव्हा अगदी बरोबर वाटत होतं. आमच्याकडे शेतात, बांधकामावर, सगळ्या कामाच्या बायका साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतात. साडी मळत नाही, हात सोलत नाहीत, कुणी काही म्हणत नाही. साडीवर शर्ट चालतो तर पँट का नाही, असं माझं गणित. ह्यांनी एकदा सुस्कारा सोडला आणि मोठी पँट घेतली. हेल्मेट, हातमोजे, बूट, सगळं त्यांच्याच मापाचं.

घरी सासूबाईंनी मशीनची पूजा केली. हळदकुंकू, लिंबू, शेवंतीची माळ. मशीन बाहेरच्या खोलीत पाटावर बसलं. आणि मी आतल्या खोलीत पँट चढवायला गेले.

साडी वर ओढली तर कमरेत मावेना, खाली सोडली तर पायांत कोंबून बसवावी लागे. निऱ्या एका पायात गेल्या, पदराचा बोंगा पाठीमागे आला. तशीच बाहेर आले. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अय्यो, हे काय गे? गणपतीचं पोट नुसतं पुढे असतं. तुझं चारी बाजूंनी आलंय."

हे म्हणाले, "बाजारात कोंबड्या पोत्यात भरून नेतात ना, तसं दिसतंय."

"चालून दाखव की," सासूबाई म्हणाल्या.

चालले. दारापर्यंत जाताना पँट अंगाभोवती फिरली आणि पुढची बाजू कुशीला आली. वाकले तर कमरेचं बटण सुटलं. सासूबाईंना इतकं हसू आलं की शेंगांचं सूप कलंडलं. मीही हसले.

हे हसायचे थांबले. म्हणाले, "मशीन धरलंय असं समजून उभी राहा."

मी उभी राहिले. त्यांनी चुलीजवळची एक काटकी उचलली आणि आधी आपल्या मांडीवर, जिथे व्रण आहे तिथे टेकवली. मग माझ्या मांडीवर तीच जागा शोधून तिथे टेकवली. ह्या पँटच्या फक्त पुढच्या बाजूला आतून दोऱ्यांचे जाड थर असतात. चेन लागली की वरचं कापड फाटतं, दोरे बाहेर येऊन चेन फिरवणाऱ्या चाकात गुंततात आणि मशीन जागीच थांबतं. सगळी राखण त्या थरांची. आणि काटकी टेकली होती तिथे थर नव्हताच, तो फिरून बाजूला गेला होता. तिथे नुसतं कापड आणि साडीचा बोळा.

"इथे," ते म्हणाले. काटकी ठेवून बाहेर गेले.

माझं हसू तिथेच संपलं. सासूबाई शेंगा गोळा करत म्हणाल्या, "साडी सोडून नीट घाल की. कुणाला भितेस? मला? मला तर मोतीबिंदू आहे."

"लोक बघतील."

"कुठले लोक? त्यांना बोलावून घे मग लाकडं कापायला. येतात का बघू."

रात्री झोपताना ह्यांनी सांगितलं, पिरियापट्टणहून एका तंबाखूवाल्याचा फोन आला होता. भट्टी पेटवायला आलीय, पहिला ट्रॅक्टर भरून लाकूड ह्या आठवड्यातच पाहिजे. जमत असेल तर हो म्हणा, नाहीतर तो दुसरीकडे बघेल. ह्यांनी दोन दिवस मागून घेतले होते. मशीन पाटावर माळ घालून बसलेलं, आणि माप बदलून आणल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. माप बदलायचं तर दुकानात तोंड उघडून सांगायला पाहिजे, कुणासाठी ते.

सकाळी धाकट्या बहिणीची आमच्याकडे राहिलेली चुडीदार अंगात घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच. हे आमची माल वाहायची लगेजची रिक्षा काढून उभे होते. चुडीदारकडे त्यांनी पाहिलं आणि रिक्षा चालू केली. दुकानापुढे रिक्षा लावली आणि पाय चोळत म्हणाले, "माझा पाय आज फार दुखतोय. तू जाऊन ये."

पाय दुखत नव्हता. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

आत गेले. मालक म्हणाले, "बन्नि अम्मा, या. यजमान कुठे?"

"बाहेर."

"पँट बसली नाही काय त्यांना? मोठी होईल म्हटलं होतं मी."

मी पिशवी काउंटरवर ठेवली. टोपी घातलेला एक इस्टेटवाला तिथे नळीचे जोड निवडत होता. मी पिशवीच्या बंदाकडे बघत म्हटलं, "ननगे." मला.

मालकांनी कानाला हात लावला. "काय?"

आवाज पुन्हा काढायचा म्हणून मी जोर केला आणि तो वाटलं त्यापेक्षा फार मोठा निघाला. "ननगे बेकु. मला पाहिजे. मशीन मीच चालवणार आहे."

सगळ्या दुकानाने ऐकलं. मालकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

टोपीवाला म्हणाला, "अक्का, तुम्ही झाडं कापणार, मग यजमान काय घरी स्वयंपाक करणार?"

"करतात," मी म्हटलं. "सारू चांगला करतात."

कुठून आलं ते तोंडात, मला अजून कळलेलं नाही. खोटंही नव्हतं. पायाचं झाल्यापासून सारू, म्हणजे भाताबरोबरची पातळ आमटी, हेच करतात आणि माझ्यापेक्षा चांगला करतात. मालक पोट धरून हसले, टोपीवालाही हसला आणि म्हणाला, "मग मला पण जेवायला बोलवा." त्यानंतर तो आपल्या नळ्यांत डोकं घालून बसला, पण दुकानातून गेला नाही. बघायचं होतं त्याला.

मालकांनी शिडी लावून वरचं खोकं काढलं. कपडे घालून बघायला जागा अशी नाहीच तिथे. मागच्या गोदामात पाइपांच्या वेटोळ्यांमध्ये जाऊन पहिली पँट चुडीदारवर घातली. कमरेला बरोबर. बाहेर येऊन खाली बसून बघितलं तर मांडीला आवळली.

"बसता येत नाही," मी म्हटलं.

"उभ्यानेच कापतात, अम्मा."

"ओंडके जमिनीवर असतात."

"हां, ते खरं," म्हणून ते पुन्हा शिडीवर चढले.

दुसरी पँट काळी, पायांवर केशरी पट्टे, आणि खांद्यावरून घ्यायचे पट्टे असलेली. ती घालून मी दुकानाच्या मधोमध आले आणि बसले. उठले. पुन्हा बसले, एक गुडघा टेकवून वाकले, वळले. सगळे बघत होते. पँट माझ्याबरोबर वळत होती, पुढची बाजू पुढेच राहत होती. मी मांडीवर ती जागा चाचपून पाहिली. हाताला जाड, भरीव थर लागला. मग दुसरी मांडी चाचपली. तिथेही तसाच.

"लांबीला जास्त आहे," मालक म्हणाले. "घरी मुडपून घ्या, पण सुई त्या जाड थरातून घालू नका, अम्मा. आतले दोरे मोकळे राहायला पाहिजेत. शिवून टाकले तर बाहेर कसे येणार? आणि इस्त्री पण नको."

हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी पहिल्या दिवशीच शिलाई मशीनवर चारी बाजूंनी टिपा मारल्या असत्या.

हेल्मेट काही केल्या बसेना. मागे अंबाडा आडवा येत होता. तिथेच अंबाडा सोडला, मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा काढून पर्समध्ये टाकला, खाली वेणी घातली आणि ती कॉलरच्या आत सोडली. हेल्मेटच्या मागची चकती फिरवत नेली तसं ते डोक्याला धरून बसलं. आता मालक एकेक गोष्ट मला विचारत होते.

"तोंडापुढे काच पाहिजे की जाळी?"

"जाळी. काचेवर घामाची वाफ धरते."

"मोजे जाड की पातळ?"

"बोटं वळली पाहिजेत. पातळ द्या." मोजे चढवताना काचेच्या बांगड्या आड आल्या. त्या कोपराकडे सरकवल्या तर सरकल्या, पण काम करताना राहणार नाहीत हे दिसत होतं. घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी साबण लावून त्या उतरवून दिल्या आणि आपल्या पेटीतली दोन घट्ट कडी माझ्या हातात चढवली. बुटांत जोडवी टोचत होती, त्याला जाड पायमोज्यांचा उपाय निघाला. सगळ्यांत लहान नंबरचा पुरुषी बूट मला आला. माझे पाय मोठे म्हणून माहेरी चिडवायचे, त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

शेवटी कानावरचे कप खाली ओढले. दुकानाचा आवाज एकदम लांब गेला. मालकांनी माझ्या पाठीमागे टाळी वाजवली म्हणे, मला कळलंच नाही. वळले तर दारात हे उभे. काहीतरी बोलत होते, नुसते ओठ हलताना दिसत होते. इतक्या वर्षांत ते बोलतायत आणि मला ऐकू येत नाही, असं पहिल्यांदा झालं. बरं वाटलं. मी मुद्दाम थोडा वेळ कप काढलेच नाहीत.

परत येताना ह्यांनी तंबाखूवाल्याला फोन केला आणि हो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पँट घातली, कमीज आत खोचला, पट्टे खांद्यावर घेतले. मंगळसूत्र आत टाकलं. डेपोत नीलगिरीचे आणि सिल्व्हर ओकचे ओंडके रचलेले होते. ह्यांनी भट्टीच्या मापाची काठी धरून खडूने खुणा केल्या आणि मागे सरकून खुर्चीवर बसले. मी दोरी ओढली. जाळीवर भुसा तडतडत होता, हातांत थरथर होती आणि पातं लाकडात उतरत होतं. पहिला तुकडा सुटून पडला, मग दुसरा. पदर नाही, निऱ्या नाहीत, कुठे काय सुटतंय ह्याकडे लक्ष नाही. अर्धं लक्ष नेहमी कपड्यांत असायचं ते मोकळं झालं आणि सगळं पात्याच्या टोकावर गेलं. साडीत मी किती घाबरून काम करत होते ते मला तेव्हा समजलं. मध्ये थांबून चेन घासली, तेल भरलं, पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं. दुपारनंतर पाऊस आला तरी शेडमध्ये ओढून कापत राहिले. संध्याकाळी सासूबाई कॉफी घेऊन आल्या आणि ढिगाला हात लावून म्हणाल्या, "एवढं सगळं आज?" त्यांना मोतीबिंदू आहे म्हणतात, पण ढीग दिसला.

ठरल्या दिवशी तंबाखूवाला ट्रॅक्टर घेऊन आला. लाकूड चढवायला माणसं बरोबर होती. मी तेव्हा एका कोपऱ्यात उरलेलं कापत होते. त्याने दोन-चार तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले, सगळे सारखे. ह्यांना विचारलं, "कापणारा कोण मिळाला हो? आमच्या बांधावरचे सिल्व्हर ओक पाडून ठेवलेत. त्याला चार दिवस माझ्याकडे पाठवता का? पाहिजे तर मी येऊन घेऊन जातो त्याला."

हे त्या दिवशी दुकानात बघितलं होतं तसे माझ्याकडे बघत राहिले.

मी मशीन बंद केलं, जाळी वर केली, कानावरचे कप काढले. "मीच," मी म्हटलं.

तो माणूस ह्यांच्याकडे बघायला लागला, पण ह्यांनी खांदे उडवले आणि पावती लिहायला घेतली.

"मंगळवारी येते," मी म्हटलं. "ओंडके सपाट जागेवर ओढून ठेवा. उतारावर मी कापणार नाही. आणि तुमच्या भट्टीच्या मापाची काठी तयार ठेवा."

"आयतु अक्का, बरं, ठेवतो," तो म्हणाला.

मंगळवारी लगेजच्या रिक्षात ह्यांच्या शेजारी बसून निघाले. मांडीवर हेल्मेट, पायांशी मशीन. हूटगळ्ळीच्या सिग्नलला थांबलो. शेजारी कारखान्याची बस उभी राहिली आणि खिडक्यांतून सगळे माझ्या केशरी पट्ट्यांकडे बघायला लागले. एरवी मी अशा वेळी पदर डोक्यावर ओढून दुसरीकडे मान वळवते. त्या दिवशी ओढायला पदर नव्हता. मी त्यांच्याकडे बघत बसले, एकेका खिडकीकडे. सिग्नल सुटला तेव्हा त्यांतल्या एका बाईने हात केला. मीही केला.